वजनकाट्याशिवाय सावरडो: अर्ध्या किलोचं पाकीट, बाटलीवरच्या रेघा आणि डोळा

प्रश्न थोडक्यात असा: घरात वजनकाटा नाही. कपाने मोजून दोनदा सावरडो, म्हणजे विकतच्या यीस्टऐवजी घरच्या आंबवणाने फुगवलेला ब्रेड केला. पहिल्यांदा वीट झाली, दुसऱ्यांदा पीठ ट्रेभर पसरलं. स्टार्टर (पीठ-पाण्याचं ते जिवंत आंबवण) मात्र मस्त फसफसतोय. काटा आणल्याशिवाय हे जमणारच नाही का?

जमतं. काटा असला तर सोपं जातं, यात वाद नाही. पण विटेला आणि पसरण्याला बहुतेक वेळा दोनच गोष्टी जबाबदार असतात: कपात पीठ दर वेळी वेगळं भरलं जातं, आणि पीठ घड्याळ बघून आंबवलं जातं. पहिल्या गोष्टीचा बंदोबस्त पाच मिनिटांत होतो. दुसरीला डोळा लागतो, आणि इडलीचं पीठ आलंय की नाही हे झाकण उघडताक्षणी सांगणाऱ्या माणसाकडे तो असतोच.

आधी कपाचं बघू. 240 मिलीच्या मापाच्या कपात मैदा चमच्याने हलकेच सोडला आणि वर सुरी फिरवून सपाट केला, तर साधारण 120 ते 125 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून भरला तर 145-150 ग्रॅमपर्यंत जातो. आता चार कप मैद्याला 320 मिली पाणी घेतलं असं धरा. हलक्या हाताने भरलेल्या कपांत पाणी पिठाच्या 67 टक्के पडतं, खुपसून भरलेल्यांत 55 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एकदा सैल, बोटांना चिकटणारी कणीक आणि एकदा जवळजवळ पुरीची. कृती तीच, कप तोच, हातही तोच. यातून एकसारखा ब्रेड निघणं शक्यच नाही.

म्हणून पीठ मोजूच नका. दुकानदाराने मोजलेलं वापरा. अर्ध्या किलोचं बंद मैद्याचं पाकीट म्हणजे कुणीतरी काट्यावर तोलून दिलेले 500 ग्रॅम. ते अख्खं वापरायचं. पाण्याला तर काट्याची गरजच नाही, कारण एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम. बाळाच्या दुधाच्या बाटलीवर रेघा असतात, त्या पुरतात. खोकल्याच्या औषधावरचं टोपण 5 आणि 10 मिली दाखवतं, त्याने मीठ मोजता येतं आणि घरातले चमचे किती मिलीचे आहेत तेही तपासता येतं. घरातले चमचे फसवे असतात. चहाचा म्हणून जो चमचा असतो त्यात कधी 3 मिली मावतं, कधी 5. पुढे जिथे छोटा चमचा म्हटलंय तिथे 5 मिली आणि मोठा चमचा म्हटलंय तिथे 15 मिली समजा, दोन्ही सपाट.

सुटा मैदा आणत असाल किंवा गिरणीतलं पीठ वापरायचं असेल, तर आपली एक ठरलेली स्टीलची वाटी घेऊन दुकानात किंवा गिरणीत जा (दुपारची झोपेची वेळ टाळून). रिकामी वाटी काट्यावर ठेवायला सांगा, मग हलक्या हाताने पीठ भरून सपाट करून पुन्हा. दोन्ही वजनांतला फरक डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. हे आयुष्यात एकदाच करावं लागतं. अट एवढीच की त्यानंतर वाटी तीच आणि भरायची पद्धतही तीच.

आता साहित्य. 500 ग्रॅम मैद्याचं एक पाकीट. एकूण पाणी 325 मिली: त्यातलं 45 मिली आदल्या रात्री, उरलेलं 280 दुसऱ्या दिवशी. नेहमीचं बारीक आयोडीनयुक्त मीठ पावणेदोन छोटे चमचे, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. जाडं मीठ असेल तर कुटून घ्या. चमच्यात जाड मिठाचे खडे पोकळी ठेवून बसतात आणि मीठ कमी पडतं. आणि एक मोठा चमचा स्टार्टर.

मैदा घेताना पाकिटामागचा पोषणाचा तक्ता वाचा. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं 10 ग्रॅम किंवा जास्त असलेला उचला. नऊच्या खालच्या मैद्याची नानकटाई छान होते, पण त्याची कणीक सावरडोचा लांबलचक आंबवण्याचा वेळ तग धरून काढत नाही. 65 टक्के पाणी हे आपल्याकडच्या मैद्यासाठी मुद्दाम कमी धरलं आहे. परदेशी व्हिडिओंमधले 75-80 टक्के त्यांच्या 12-13 टक्के प्रथिनांच्या पिठाला शोभतात. इथल्या मैद्यात तेवढं पाणी घातलं की आमटी होते, आणि मग दोष स्टार्टरला दिला जातो.

स्टार्टर फसफसतोय ही चांगली गोष्ट आहे, पण तो पुरावा नव्हे. तयार स्टार्टर म्हणजे खाऊ घातल्यावर (नवीन पीठ-पाणी दिल्यावर) ठरावीक वेळात दुप्पट होणारा. चाचणी अशी: एक मोठा चमचा स्टार्टर, दोन चमचे पाणी, चार चमचे मैदा. मापाने पिठाचे चार आणि पाण्याचे दोन चमचे म्हणजे वजनाने जवळपास समसमान, कारण तेवढ्याच मापाचं पीठ पाण्याच्या निम्म्या वजनाचं असतं. सरळ भिंतीच्या काचेच्या ग्लासात भरा, पातळीवर रबरबँड लावा. पुण्याच्या साधारण 26-28 अंशांत तो चार ते सहा तासांत दुप्पट व्हायला हवा, आणि असं सलग तीन वेळा व्हायला हवं. आठ तासांनीही दीडपटच असेल तर ब्रेड करू नका, अजून चार-पाच दिवस रोज खाऊ घाला. खाऊ घालण्याआधी बाजूला काढलेला जादा स्टार्टर धिरड्यात किंवा थालीपीठात घाला. टाकून द्यायचं काही कारण नाही.

स्टार्टर शून्यापासून लावणाऱ्यांसाठी दोन शब्द. गिरणीतून आणलेल्या गव्हाच्या पिठापासून सुरुवात करा. कोंड्यासोबत यीस्ट आणि जिवाणू जास्त येतात. चार मोठे चमचे गव्हाचं पीठ, अडीच चमचे पाणी, झाकण सैल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो एकदम फुगतो आणि घाण वास येतो. हे यीस्ट नसतं, दुसरेच जिवाणू असतात. आंबटपणा वाढला की ते मरतात. मग दोन-तीन दिवस सगळं शांत. इथेच बहुतेक जण बरणी धुऊन टाकतात. थांबायचं असतं. रोज त्यातला एक चमचा ठेवून नवीन पीठ-पाणी द्या. उन्हाळ्यात आठवड्याभरात तयार होतो, डिसेंबर-जानेवारीत दोन आठवडेही लागतात.

पाण्याबद्दल लोक फार काळजी करतात. महापालिकेचं नळाचं पाणी चालतं. क्लोरीनचा वास जाणवत असेल तर उकळून गार करा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर कणीक जरा ताठ लागते, तिथे फिल्टरचं घ्या. आणि पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे म्हणून कृतीत काही बदलायचं का, असंही विचारलं जातं. काही नाही.

काट्याशिवायच्या कामात लोक सर्वात जास्त फसतात ते स्टार्टर मोजताना. फुगलेल्या स्टार्टरची अर्धी वाटी आणि ढवळून हवा काढलेल्या स्टार्टरची अर्धी वाटी यांच्या वजनात सहज दुपटीचा फरक पडतो. 'अर्धा कप स्टार्टर' असं लिहिलेली कृती म्हणूनच निरुपयोगी. उपाय: स्टार्टर मोजायचाच नाही. आदल्या रात्री पाकीट उघडा, त्यातला सहा मोठे चमचे मैदा एका भांड्यात काढा, 45 मिली पाणी आणि चांगला ढवळलेला एक मोठा चमचा स्टार्टर घाला, कालवून झाका. दह्याला विरजण लावतो तसंच हे आहे, म्हणून पुढे याला विरजणच म्हणतो. सकाळी हे विरजण सगळंच्या सगळं वापरायचं. आत जाताना मोजलेलं असल्यामुळे ते कितीही फुगलं तरी हिशेब चुकत नाही. पाकिटात उरलेला मैदा तसाच कणकेसाठी. मूळ बरणीतला स्टार्टर वेगळा ठेवायला विसरू नका.

एप्रिल-मेमध्ये रात्रीही स्वयंपाकघर 30 अंशांवर असतं. तेव्हा एवढं विरजण चार-पाच तासांत शिखर गाठून पहाटेपर्यंत खाली बसतं, आंबट होतं आणि त्याची ताकद जाते. त्या दिवसांत मोठ्या चमच्याऐवजी एकच छोटा चमचा स्टार्टर घाला, बाकी सगळं तेच. ते सकाळपर्यंत बरोबर येतं. थंडीत उलट: पाणी कोमट घ्या आणि भांडं बंद ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) ठेवा, फक्त आतला दिवा लावून. तयार विरजण दुप्पट किंवा जास्त असतं, वरचा घुमट नुकताच सपाट व्हायला लागलेला असतो, वास गोडसर दह्याचा. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आला तर ते उपाशी आहे. त्याने कणीक भिजवू नका.

सकाळी परातीत 250 मिली पाणी घेऊन त्यात विरजण विरघळवा, पाकिटातला सगळा मैदा घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच कालवा. मळू नका. ओल्या फडक्याखाली 40 मिनिटं ठेवा; पीठ पाणी पितं आणि निम्मं मळण्याचं काम आपोआप होतं. मग मीठ घाला आणि राखून ठेवलेलं 30 मिली पाणी हाताच्या अंदाजाने. पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पिठात आधीच ओल असते, तेव्हा त्यातलं 10-15 मिली शिल्लक राहिलं तरी चालेल.

कणीक कशी असावी? पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल, पुरणपोळीच्या कणकेच्या जवळ, फक्त तेल न लावलेली. ओलं बोट दाबून काढलं तर बोटाला किंचित ओढ लागते, पण पीठ सोबत येत नाही. गोळा करून दहा मिनिटं परातीत सोडला तर कडा थोड्या पसरतात, तरी मधे उंचवटा राहतो. गोळा आहे तसा उभा राहिला तर एक-दोन चमचे पाणी हवंय; भाकरीसारखा चपटा झाला तर पाणी जास्त झालंय, आणि तेव्हा मूठभर मैदा घालण्याचा मोह टाळून साच्यात भाजण्याचा निर्णय घ्या. हात चिकटला की पाण्यात बुडवा, पिठात नाही.

पुढच्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने घड्या घाला: कणकेची एक कड ओल्या हाताने वर ओढायची, जितकी न तुटता येईल तितकी, आणि मधे दुमडायची, असं चारी बाजूंनी. पहिल्या वेळी ती खडबडीत आणि फाटणारी असते, तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत तुकतुकीत होऊन हातात लोंबते. चौथ्या वेळीही फाटतच असेल तर मैद्यात दम नाही, पुढच्या वेळी दुसरा आणा.

आता डोळ्याचं काम. कणीक भिजवायच्या आधी एका सरळ भिंतीच्या डब्यात 1100 मिली पाणी ओता, पातळीवर चिकटपट्टी लावा, पाणी ओतून डबा पुसून ठेवा. घड्या संपल्या की कणीक या डब्यात ठेवा. तुमची कणीक सुरुवातीला साधारण पाऊण लिटर जागा घेते. पट्टीला पोचली म्हणजे ती दीडपट झाली. उन्हाळ्यात इथेच थांबायचं, कारण गरम कणीक आकार देताना आणि फ्रिजमध्ये गार होईपर्यंतही आंबतच राहते. थंडीत पट्टीच्या वर बोटभर जाऊ द्या. पारदर्शक डबा असेल तर तळाशी आणि बाजूला बारीक फुगे दिसतात, हलवला तर कणीक जेलीसारखी थुलथुलते. विरजण मिसळल्यापासून याला 20 अंशांत आठ ते दहा तास लागतात, 25 ला पाच-सहा, 30 ला साडेतीन-चार, आणि मेच्या दुपारी 34 अंशांत तीन तासांच्या आत सगळं आटोपतं. म्हणूनच 'आठ तास ठेवा' असं सांगणारी कृती जानेवारीत खरी ठरते आणि मेमध्ये पीठ पसरवते. तुमची वीट थंडीतली आणि पसरलेला ब्रेड उन्हाळ्यातला असेल, तर नवल नाही.

आकार देताना ओट्यावर अगदी थोडं पीठ भुरभुरा, कणीक उलटी टाका, कडा मधे आणून गोळा करा, मग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत त्याची वरची साल ताणून घ्या. ताण आला की गोळा उभा राहतो. वेताची टोपली नसेल तर पोळ्यांची टोपली किंवा भाज्या धुवायची चाळणी चालते, आत जुना सुती पंचा घालून. पंच्यावर तांदळाची पिठी चोळा, मैदा नाही. मैदा ओल पिऊन चिकटतो, तांदळाची पिठी कोरडी राहते. शिवण (कडा जिथे जुळल्या ती बाजू) वर, झाकण घालून फ्रिजमध्ये आठ ते बारा तास. गार कणकेवर ब्लेडने चीर नीट पडते, हा फ्रिजचा एक फायदा.

पहिले तीन-चार ब्रेड मात्र साच्यात करा असं माझं मत. 9 बाय 5 इंचाचा साचा, तेल लावून. लांबट वळकटी करून आत ठेवा, कडेच्या बोटभर खाली येईपर्यंत फुगू द्या. पाणी 20 मिली इकडेतिकडे झालं तरी साचा सांभाळून घेतो. टोपलीतल्या ब्रेडची ऐट नाही त्यात, पण सकाळी सँडविचला चौकोनी काप मिळतात.

भाजणं. ओटीजी वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून 230 अंशांवर किमान अर्धा तास तापवा. दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती नाहीत. साच्याचा ब्रेड 220 वर 40-45 मिनिटं, पहिली 20 मिनिटं वर तेवढाच साचा उलटा झाकून किंवा फॉइलचा उंच तंबू करून. झाकणाखाली कणकेचीच वाफ कोंडते, साल मऊ राहते आणि ब्रेड वर यायला जागा मिळते. गोल ब्रेडला बिडाची जाड कढई आणि तिच्यावर बसणारं धातूचं झाकण, दोन्ही आत ठेवूनच तापवलेलं. कढई ओटीजीत मावते का ते गार असतानाच बघा. प्लास्टिकच्या मुठीचं काहीही आत जाऊ देऊ नका, कुकर तर नाहीच. गोळा बेकिंगच्या कागदावर उलटा टाकून दाढीच्या नव्या ब्लेडने तिरकी, सेंटीमीटरभर खोल चीर द्या, कढईत उतरवा, झाकून 22 मिनिटं, मग उघडून 215 वर 20 मिनिटं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड जवळ असतो, म्हणून जाळी सर्वात खालच्या खाचेत. बूड करपत असेल तर शेवटच्या वीस मिनिटांत खाली एक रिकामा ट्रे सरकवा.

झाला की नाही हे सुरी खुपसून कळत नाही, तो केक नव्हे. बुडावर बोटाने टकटक करा, पोकळ आवाज यायला हवा, आणि रंग गुळाच्या जवळ जायला हवा. मग दोन तास जाळीवर. गरम कापलात तर आतला गर सुरीला गोंदासारखा लागतो आणि ब्रेड कच्चा राहिला असं वाटतं.

कापल्यावर आतली जाळी सगळं सांगते. खाली घट्ट, रबरी गर आणि वर एक-दोन मोठी भोकं: कमी आंबलं किंवा स्टार्टर कमजोर. ही तुमची वीट. सगळीकडे बारीक जाळी, पण ब्रेड चपटा, साल फिकट, चव तोंड आंबवणारी: जास्त आंबलं. आम्ल वाढलं की पिठातले प्रथिनं तोडणारे घटक जोमाने काम करतात, ग्लूटेन (कणकेला ताण देणारं प्रथिनांचं जाळं) विरतं, आणि कणीक आकार देताना ओल्या मातीसारखी तुटते. साखरही संपलेली असते म्हणून रंग चढत नाही. असं पीठ परातीतच ओळखू आलं तर ब्रेडचा हट्ट सोडा. तेल लावलेल्या ट्रेमध्ये पसरा, वर लसूण आणि जाडं मीठ, 220 वर 25 मिनिटं. जाळी उत्तम पण चव सपक असेल तर मीठ चमच्यात नीट भरलं नव्हतं.

गव्हाचं पीठ मिसळायचं असेल तर पुढच्या खेपेला पाकिटातल्या मैद्यातून 240 मिलीच्या कपाने अर्धा कप काढून तेवढंच लोकवन किंवा सिहोर गव्हाचं पीठ घाला आणि पाणी 15 मिली वाढवा. गिरणीच्या दगडाखाली पिठातला स्टार्च जास्त मोडतो, त्यामुळे ते मैद्यापेक्षा जास्त पाणी पितं. खपली गहू चवीला सुरेख, पण त्याचं ग्लूटेन नाजूक. वाटीभराच्या पुढे गेलात तर उंचीची अपेक्षा ठेवू नका.

ठेवताना कापलेली बाजू खाली करून पाटावर, सुती फडक्यात. जुलै-ऑगस्टमध्ये तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून तेव्हा दुसऱ्याच दिवशी काप करून फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे तव्यावर भाजा.